परदेशात अधूनमधून राहणाऱ्यांची गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातले काही महिने दुसऱ्या देशात काढणारी माणसं पुष्कळ आहेत. कोणी मुलांकडे जातं, कोणी तिथं छोटंसं घर घेतलेलं असतं, कोणाचं कामच दोन देशांत विभागलेलं असतं. त्यांच्याकडून गाडीबद्दल जे प्रश्न सतत येतात ते इथं एकत्र केले आहेत. नियम देशागणिक बदलतात, म्हणून उदाहरण कुठल्या देशाचं ते दर वेळी लिहिलं आहे. एका देशाचं उत्तर दुसऱ्या देशाला लावू नका. एखादा मुद्दा दुसऱ्या प्रश्नात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आम्ही वर्षातून दोन-तीन महिनेच तिकडे असतो. गाडी विकत घ्यावी, भाड्याने घ्यावी, की आपलीच घेऊन जावी?

आधी दिवस मोजा, गाडीचा विचार नंतर. वर्षातून एकूण पाच-सहा आठवडेच राहणार असाल तर भाड्याची गाडी घ्या आणि हा विषय संपवा. दरवर्षी त्याच गावात सलग तीन-चार महिने जात असाल, तर तिथली जुनी गाडी विकत घेणं परवडायला लागतं. आपली गाडी नेणं सरळ रस्त्याने किंवा फेरीबोटीच्या छोट्या प्रवासाने जाता येत असेल तरच शहाणपणाचं. दोन महिन्यांसाठी समुद्रापार गाडी पाठवण्याचा हिशेब जमलेला मी अजून पाहिलेला नाही.

हिशेब करताना बहुतेक जण गाडीची किंमत आणि पेट्रोल लिहितात आणि तिथंच थांबतात. तुम्ही तिथं नसाल त्या महिन्यांचा खर्च लिहा: विमा, रस्ता कर, वार्षिक तपासणी, पार्किंगची जागा, परत आल्यावरची नवी बॅटरी, दरवर्षी घसरणारी किंमत. या सगळ्याची बेरीज करून तिला प्रत्यक्ष गाडी चालवलेल्या दिवसांनी भागा. राहिलेल्या दिवसांनी भागू नका, चालवलेल्या दिवसांनी भागा. नव्वद दिवसांच्या मुक्कामात गाडी तीसच दिवस बाहेर निघाली असेल, तर एका दिवसाचा आकडा बघून तुम्हीच दचकाल. शहरात राहणाऱ्यांना तर एरवी ट्रेन-बस आणि शनिवार-रविवारपुरती भाड्याची गाडी हेच बऱ्याचदा स्वस्त पडतं.

२. आमच्या लायसन्सवर तिकडे गाडी चालवता येईल का? आंतरराष्ट्रीय परवाना काढावाच लागतो का?

आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, हा स्वतंत्र परवाना नाहीच. तो तुमच्या मूळ लायसन्सचा ठरावीक नमुन्यातला अनुवाद आहे. मूळ लायसन्स सोबत नसेल तर तो निव्वळ कागद. तो स्वतःच्या देशातच, निघण्यापूर्वी काढावा लागतो.

त्याचे दोन नमुने आज मुख्यत्वे चालतात: १९४९च्या जिनिव्हा कराराचा आणि १९६८च्या व्हिएन्ना कराराचा. पहिला एक वर्ष चालतो. दुसरा जास्तीत जास्त तीन वर्षं, पण मूळ लायसन्स आधी संपलं तर तेवढाच. कुठल्या देशाला कुठला नमुना चालतो हे बघणं भाग आहे. जपान फक्त १९४९चा नमुना मानतो, त्यामुळे १९६८चा परवाना घेऊन उतरलेला माणूस तिथं पायीच फिरतो. चीनच्या मुख्य भूमीवर आयडीपी अजिबात चालत नाही, तिथला तात्पुरता परवाना काढावा लागतो.

पोलिसांनी आयडीपी मागितला नाही तरी गाडी भाड्याने देणारा मागू शकतो, आणि अपघात झाला की विमा कंपनी मागतेच.

३. मग दरवर्षी नवा आयडीपी काढत राहिलं की कायमचं काम झालं ना?

नाही. आयडीपी पाहुण्यांसाठी असतो. कायद्याच्या नजरेत तुम्ही तिथले रहिवासी झालात की काही काळाने तिथलं लायसन्स काढावंच लागतं, मग खिशात ताजा आयडीपी असला तरी. ही पळवाट जपानने तर सरळ बुजवली आहे: तिथं नोंदणी असलेला रहिवासी देशाबाहेर जाऊन तीन महिन्यांच्या आत परतला, तर आयडीपीवर गाडी चालवायचं त्याचं एक वर्ष नव्याने मोजायला सुरुवात होत नाही. रहिवासी कोण, हे पुढच्या उत्तरात.

४. मी कुठेच सहा महिन्यांहून जास्त राहत नाही. मग मी रहिवासी कुठला?

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, कारण लायसन्स, नंबरप्लेट आणि विमा हे तिन्ही याच उत्तरावर अवलंबून असतात.

युरोपीय संघात साधारण नियम असा की वर्षात किमान १८५ दिवस जिथं राहता तो तुमचा नेहमीचा निवास. पण नुसते दिवस मोजून भागत नाही. नोकरी एका देशात आणि घरदार, कुटुंब दुसऱ्या देशात असेल आणि तुम्ही नियमितपणे घरी परतत असाल, तर निवास कुटुंब असेल तिथला धरतात. म्हणजे कामाच्या गावी दोनशे दिवस काढूनही तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही, असं होऊ शकतं.

शिवाय घड्याळं एकाहून जास्त असतात आणि ती वेगवेगळी चालतात. शेंगेन भागात, म्हणजे आपापसांतली सीमा-तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांत, बाहेरच्या देशाच्या पाहुण्याला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, हे माणसाचं घड्याळ. त्याच्या परदेशी नंबरप्लेटच्या गाडीला सहा महिने मिळतात, ते गाडीचं. तुम्ही नव्वद दिवसांनी परत गेलात आणि गाडी तिथंच ठेवलीत, तर तुमचं घड्याळ थांबतं, गाडीचं चालूच राहतं. हे लक्षात न आल्यामुळे पुढच्या फेरीला आल्यावर कस्टम्सच्या खिडकीसमोर उभं राहावं लागलेली माणसं मला माहीत आहेत.

५. आपल्या नंबरप्लेटची गाडी तिकडे किती दिवस ठेवता येते?

काही ठळक देशांची मुदत:

युरोपीय संघात, संघाबाहेर राहणाऱ्याने खासगी वापरासाठी आणलेली गाडी कस्टम ड्युटी न भरता सहा महिने. ब्रिटनमध्ये बारा महिन्यांत एकूण सहा महिने, एका फेरीत किंवा तुकड्यातुकड्यांत. अमेरिकेत रहिवासी नसलेल्याला स्वतःच्या वापरासाठी एक वर्ष. तिथल्या सुरक्षा आणि प्रदूषणाच्या मानकांत न बसणारी गाडी वर्षाच्या आत देशाबाहेर काढावीच लागते, मुदतवाढ नाही आणि तिथं विकायचीही नाही.

संघातल्याच एका देशाची गाडी दुसऱ्या देशात नेत असाल तर कस्टम्सचा प्रश्न येत नाही, पण निवास हलला की नोंदणी बदलावी लागते. इटली यात कडक आहे. २०२२ पासून तिथं रहिवासी म्हणून नोंद झालेल्याला परदेशी प्लेटची स्वतःची गाडी तीन महिन्यांत तिथल्या प्लेटवर आणावी लागते.

६. मी परत आल्यावर ती गाडी तिथला भाचा किंवा मित्र चालवू शकतो ना?

गाडी तिथल्याच प्लेटची असेल आणि विम्यात त्याचं नाव असेल तर खुशाल. परदेशी प्लेटची असेल तर बहुतेक ठिकाणी नाही. ड्युटी माफ केलेली असते ती तुम्ही पाहुणे म्हणून. युरोपीय संघात स्थानिक रहिवाशाला अशी गाडी अधूनमधून चालवता येते, पण तुमच्या सांगण्यावरून आणि तुम्ही स्वतः संघाच्या हद्दीत असताना. तुमचं विमान उडालं की ती सवलतही उडाली. पकडलं गेलं तर गाडी आयात केली असं समजून पूर्ण ड्युटी लावली जाते. भाच्यावर तेवढं प्रेम असेल तर त्याला बसचा पास काढून द्या.

७. कार्ने म्हणजे काय? आणि ते नसेल तर अडवतात का?

कार्ने दे पासाज म्हणजे गाडीचा पासपोर्ट, असं सगळे सांगतात. मला ते जामीनपत्रासारखं वाटतं. तुम्ही गाडी तात्पुरती आणली आहे आणि परत नेणार आहात, याची हमी एक मोटार संघटना त्या देशाच्या कस्टम्सला देते. तुम्ही गाडी तिथंच ठेवलीत किंवा विकलीत, तर ड्युटी कस्टम्स त्या संघटनेकडून वसूल करते आणि संघटना तुमच्याकडून. म्हणूनच ते देताना संघटना गाडीच्या किमतीनुसार अनामत किंवा बँक हमी मागते आणि ती रक्कम जड असते.

या पद्धतीचा पाया खासगी गाड्यांच्या तात्पुरत्या आयातीबद्दलचा १९५४चा संयुक्त राष्ट्रांचा करार. कार्नेची पुस्तिका एक वर्ष चालते. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: प्रवेशाचा तुकडा, निर्गमनाचा तुकडा आणि पुस्तिकेत राहणारं अर्धुक. आत जाताना एक तुकडा फाडतात, बाहेर पडताना दुसरा, आणि अर्धुकावर दोन्ही शिक्के पडतात.

या सगळ्यात एकच गोष्ट जिवापाड सांभाळायची: बाहेर पडतानाचा शिक्का. रात्री अकराला सीमेवरचा माणूस जांभया देत पुढे जा म्हणून हात करतो आणि आपण खूश होऊन निघतो. कागदावर मात्र गाडी त्या देशातच राहिलेली असते. पुढे अनामत सोडवायची वेळ येते तेव्हा गाडी बाहेर आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. शिक्का पडेपर्यंत हलू नका.

सगळीकडे कार्ने लागत नाही. युरोपीय संघात आणि अमेरिकेत नाही. ऑस्ट्रेलियात पाहुण्याने गाडी तात्पुरती नेण्याचा तोच रुळलेला मार्ग आहे.

८. गाडी बोटीने पाठवायची तर काय काय बघावं?

दोन पद्धती. रो-रो म्हणजे गाडी चालवत बोटीत चढवतात आणि पलीकडे चालवत उतरवतात. हे सहसा स्वस्त, पण गाडीत सामान भरू देत नाहीत. कंटेनर महाग, पण गाडीला हात कमी लागतात. दोन्हीत टाकी जवळपास रिकामी ठेवायला सांगतात.

पलीकडे उतरल्यावर पहिला प्रश्न वयाचा. अमेरिकेत कायमची आयात करायची तर मानकात न बसणारी गाडी सुरक्षा नियमांतून सुटायला २५ वर्षं जुनी असावी लागते, प्रदूषणाच्या नियमांतून सुटायला २१. कॅनडात सुरक्षा नियमांसाठी १५ वर्षं. म्हणून हौशी लोक जुन्या गाड्यांच्या वाढदिवसाची वाट बघत बसतात.

दुसरा प्रश्न चिखलाचा, आणि तो विनोदाचा नाही. गाडीच्या पोटाखाली चिकटलेली माती, चाकाच्या खोबणीतली वाळलेली पानं, बॉनेटखालचे किडे यांवर अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया दोन्ही लक्ष ठेवून असतात. ऑस्ट्रेलियात तर ब्रेक पॅड किंवा गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस आहे का हेही विचारतात. पाठवण्याआधी गाडी खालून वाफेने धुऊन घ्या आणि पावती जपून ठेवा.

९. सामानाबरोबर गाडीलाही ड्युटी माफ होते असं ऐकलं. आम्हाला मिळेल का?

ती सवलत निवास हलवणाऱ्यांसाठी आहे. युरोपीय संघात तिच्यासाठी आधी किमान बारा महिने संघाबाहेर राहिलेलं असावं लागतं, गाडी किमान सहा महिने वापरातली असावी लागते आणि आणल्यावर बारा महिने विकता किंवा भाड्याने देता येत नाही. ब्रिटनची अटही जवळपास अशीच. तुम्ही वर्षातून तीन महिने जाणारे असाल तर निवास हललेला नाही, म्हणून सवलतही नाही. अर्जात काहीबाही लिहून ती मिळवण्याच्या भानगडीत पडू नका. पुढे कराच्या वेळी तोच अर्ज तुमच्यासमोर ठेवला जातो.

१०. स्टेअरिंग उलट्या बाजूला असेल तर चालतं का?

पाहुण्याच्या गाडीला बहुतेक देशांत चालतं. कायमच्या नोंदणीला अडचण येऊ शकते. ऑस्ट्रेलियात ३० वर्षांहून नव्या, डाव्या स्टेअरिंगच्या गाडीचं स्टेअरिंग साधारणपणे बदलून घ्यावं लागतं.

रोजचा त्रास वेगळा असतो. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, त्यासाठी काचेवर लावायच्या पट्ट्या मिळतात किंवा काही गाड्यांत सेटिंग असतं. टोलचं आणि पार्किंगचं तिकीट घ्यायला शेजारी माणूस लागतो. दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडताना पुढचं दिसतच नाही, आणि हा धोका खराच आहे.

सामोआने तर ७ सप्टेंबर २००९ रोजी अख्ख्या देशाची वाहतूक उजवीकडून डावीकडे नेली, कारण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधून स्वस्त जुन्या गाड्या आणता याव्यात. आपल्याला तेवढी सोय नाही.

११. परदेशी माणसाला तिकडे गाडी विकत घेता येते का?

घेता येते. पैसे दिले की गाडी कोणीही विकतं. अडतं ते नावावर करताना. नोंदणीला स्थानिक पत्ता लागतो आणि बऱ्याच ठिकाणी ओळख क्रमांकही. स्पेनमध्ये परदेशी माणसाला एनआयई नावाचा क्रमांक आधी काढावा लागतो. जर्मनीत तिथं राहत नसलेल्या मालकाला सरकारी पत्रं घेण्यासाठी स्थानिक प्रतिनिधी नेमून द्यावा लागतो. हॉटेलचा किंवा सुट्टीसाठी घेतलेल्या घराचा पत्ता कधी चालतो, कधी नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी क्रमांक आणि पत्ता, मग विम्याचा भाव, आणि शेवटी गाडी बघायला जाणं. उलट केलंत तर गाडी दुकानात उभी आणि तुमचा मुक्काम संपत आलेला, असं होतं.

१२. त्यापेक्षा तिथं राहणाऱ्या मुलीच्या नावावर घेतली तर?

होतं सोपं, पण खरं ते विमा कंपनीला सांगा. मुख्य चालक तुम्ही आणि कागदावर मुलगी, असं विमा स्वस्त पडावा म्हणून दाखवलं तर ती खोटी माहिती ठरते. दाव्याच्या वेळी पैसे नाकारले जाऊ शकतात. मालक मुलगी, चालकांच्या यादीत तुमचं नाव आणि तुमचं लायसन्स कुठल्या देशाचं ते स्पष्ट लिहिलेलं, असं असेल तर हरकत नाही. एक ध्यानात ठेवा, सिग्नल तोडल्याची नोटीस मालकाला येते. जावईबापूंसमोर उघडायचं ते पाकीट तुमच्या पराक्रमाचं असेल.

१३. विमा घेताना काय विचारू?

चार गोष्टी, आणि त्यांची उत्तरं लेखी घ्या. परदेशी लायसन्सवरचा चालक चालतो का, आणि किती महिने? गाडी सलग किती दिवस उभी राहिली तर चोरी-आगीचं संरक्षण कमी होतं? ती कुठं उभी असेल, रस्त्यावर की बंद गॅरेजमध्ये, याने फरक पडतो का? आणि सीमा ओलांडली तर विमा सोबत येतो का?

शेवटच्या प्रश्नासाठी युरोपात आणि आसपास ग्रीन कार्डाची पद्धत आहे. एका देशाच्या विम्यातलं तिसऱ्या पक्षाचं (थर्ड पार्टी) संरक्षण दुसऱ्या देशात मानलं जातं, त्याचा हा दाखला. नाव हिरवं असलं तरी २०२० नंतर ते पांढऱ्या कागदावर छापलेलंही चालतं. ब्रिटनच्या गाड्यांना युरोपीय संघात जायला २ ऑगस्ट २०२१ पासून त्याची गरज राहिलेली नाही.

मूळ देशातल्या विमा कंपनीकडून इतकी वर्षं दावा केलेला नाही असं पत्र आणलंत तर काही कंपन्या हप्ता कमी करतात. सगळ्या करत नाहीत, पण पत्र आणायला काय जातं?

१४. आम्ही नसतो तेव्हाचा कर आणि विमा वाचवता येतो का?

काही देशांनी याची छान सोय केली आहे. जर्मनीत हंगामी नंबरप्लेट मिळते: वर्षातले दोन ते अकरा महिने निवडायचे, ते महिने प्लेटवरच कोरलेले असतात, आणि कर-विमा तेवढ्याच काळाचा. स्वित्झर्लंडमध्ये प्लेट काढून वाहन कार्यालयात जमा करता येते आणि तेवढ्या काळापुरता कर आणि विमा थांबतो. ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावरून काढली असं जाहीर करतात, त्याला सोर्न म्हणतात. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा कर परत मिळतो.

तिन्हीकडे अट एकच: त्या काळात गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करायची नाही. खासगी जागा नसेल तर हा मार्ग बंद. जागा भाड्याने घ्यावी लागत असेल तर वाचलेला कर तिकडे जातो, तेव्हा आकडे मांडून बघा.

१५. चार महिन्यांनी परत आलो की गाडी सुरूच होत नाही. काय करावं?

बॅटरी उतरते, दुसरं काही नाही. गाडी बंद असली तरी अलार्म, कुलूप, घड्याळ थोडा थोडा करंट पीत राहतात. पहिल्या वर्षी मी शेजाऱ्याला किल्ली देऊन आलो होतो आणि तो बिचारा दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करायचा. त्याने बॅटरी आणखी लवकर बसली, कारण स्टार्टरने जेवढं ओढलं तेवढं पाच मिनिटांत भरून निघत नाही. गाडी बाहेर काढून अर्धा तास चालवणारा माणूस असेल तर ठीक, तोही विम्यात असलेला. नाहीतर बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवा किंवा जागेवर वीज असेल तर चार्ज टिकवणारा छोटा चार्जर लावा. तार सोडण्याआधी रेडिओचा कोड आणि डिकी हाताने कशी उघडते हे बघून ठेवा. डिकी विजेवर आणि बॅटरी डिकीत, अशा गाड्या असतात.

बाकीचं थोडक्यात. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक चिकटतात. सपाट जागी गियरमध्ये टाकून चाकाला ठोकळा लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, नाहीतर एका जागी चपटे होतात. पेट्रोलची टाकी भरून ठेवा म्हणजे आत ओल धरत नाही. पण पेट्रोल काही महिन्यांनी शिळं होतं, इथेनॉल मिसळलेलं आणखी लवकर. गाडीत खाण्याचा कणही ठेवू नका, उंदीर वायरी कुरतडतात. आल्यावर पहिल्या ब्रेकला करकर ऐकू आली तर ती डिस्कवरच्या गंजाची, दोन-चार वेळा दाबल्यावर जाते.

कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते म्हणून फसू नका.

१६. इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

मोठी बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका; निम्म्याच्या आसपास ठेवा, आणि नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. कॅमेऱ्याने पहारा देणारी यंत्रणा बंद करा आणि फोनवरून सारखं गाडीत डोकावू नका, दर वेळी ती जागी होते. आत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते आणि तीही उतरते.

१७. तीन-चार महिन्यांसाठी भाड्याने घ्यायची तर स्वस्त मार्ग कोणता?

दिवसाचा दर गुणिले नव्वद, असा हिशेब कधीच मान्य करू नका. मासिक दर मागा. बरेच जण एकेका महिन्याचा करार करून तो वाढवतात, मधे सर्व्हिसिंगसाठी गाडी बदलून नेतात. विमानतळावरच्या काउंटरवर जादा आकार असतो. टॅक्सीने गावातल्या शाखेत जाऊन घेतलेली गाडी दीर्घ मुदतीत बरीच स्वस्त पडते.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांसाठी फ्रान्समध्ये टीटी नावाची जुनी योजना आहे. कोरी गाडी करमुक्त भाडेपट्ट्यावर मिळते, काही आठवड्यांपासून जवळपास सहा महिन्यांपर्यंत, सर्वसमावेशक विम्यासह, आणि तिची नंबरप्लेट लाल असते. तीन आठवड्यांहून कमी राहणार असाल तर तिच्या वाटेला जाऊ नका. तीन महिने राहणार असाल तर भाड्याच्या दरांशी तुलना करून बघाच.

१८. काउंटरवर म्हणतात तो जादा विमा घ्यावा का?

आधी दोन शब्द. सीडीडब्ल्यू असला की गाडीच्या नुकसानीची तुमची जबाबदारी एका मर्यादेपर्यंतच राहते. ती मर्यादा म्हणजे एक्सेस, म्हणजे तेवढे पैसे तुमच्या खिशातून. काउंटरवर विकतात ते एक्सेस शून्यावर आणणारं संरक्षण. तेच स्वतंत्र विमा कंपनीकडून आधी घेतलं तर खूपच स्वस्त मिळतं, मात्र तेव्हा पैसे आधी तुम्ही भरायचे आणि मग दावा करायचा. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने वार्षिक पॉलिसी घ्यावी.

बारीक अक्षरं वाचा. काच, टायर, गाडीचा तळ आणि छत हे बऱ्याचदा वगळलेले असतात. आइसलँडमध्ये वाळूच्या वादळाने रंग उडणं आणि वाऱ्याने दार उलटं वळणं हेही वेगळं मोजतात. तिसऱ्या पक्षाचा विमा युरोपात भाड्यातच असतो. अमेरिकेत तो किमान मर्यादेचा असतो किंवा वेगळा घ्यावा लागतो, आणि तिथं तो टाळू नका.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, चाकांच्या रिमचं आणि छताचं व्हिडिओ शूटिंग करा, परत देतानाही. मला एकदा आठवड्याने आलेलं पोच्याचं बिल त्या व्हिडिओने एका ईमेलमध्ये रद्द करून दिलं.

१९. भाड्याची गाडी शेजारच्या देशात नेली तर कोणाला कळतं?

गाडीत जीपीएस असतं, कळतं. त्याहून वाईट म्हणजे परवानगीशिवाय सीमा ओलांडली की विमा लागू राहत नाही. बुकिंग करतानाच देशांची नावं सांगा. फेरीबोटीवर चढवण्यासाठी किंवा बेटावर नेण्यासाठीही वेगळी परवानगी लागू शकते.

२०. परत येऊन आठ महिने झाले आणि आता इटलीहून दंडाची नोटीस आली. खरी असेल का?

असू शकते. इटलीत जुन्या शहरभागांत परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, त्या क्षेत्रांना झेडटीएल म्हणतात आणि वेशीवर कॅमेरा असतो. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत आहे. भाड्याच्या गाडीत आधी कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवल्याचा आकार कापते, तो दंड नव्हे. दंड नंतर वेगळा येतो.

असंच रस्त्याच्या स्टिकरचं. स्वित्झर्लंडच्या महामार्गाला वर्षाचाच विन्येट मिळतो, आदल्या वर्षाच्या १ डिसेंबरपासून पुढच्या वर्षाच्या ३१ जानेवारीपर्यंत, चौदा महिन्यांचा. ऑस्ट्रियात कमी दिवसांचेही मिळतात. फ्रान्सच्या आणि जर्मनीच्या शहरांत प्रदूषणाचा बिल्ला परदेशी गाडीलाही लागू शकतो, तेव्हा निघण्याआधी त्या शहराचा नियम बघा.

२१. वयाची अट असते का?

तरुणांना असतेच: २५ खाली जादा आकार आणि बऱ्याच ठिकाणी २१ खाली गाडीच नाही. ज्येष्ठांना काही देशांत आणि काही कंपन्यांत वरची मर्यादा असते. सत्तरी ओलांडली असेल तर बुकिंगच्या वेळी लेखी विचारून घ्या, काउंटरवर नको.

२२. आता जाणं थांबलं. तिकडची गाडी इथूनच विकता येईल का?

येते, पण सह्यांचं काम अवघड होतं. शेवटच्या फेरीतच मुखत्यारपत्र करून ठेवा, नोंदणीचे मूळ कागद आणि दोन्ही किल्ल्या विश्वासातल्या माणसाकडे द्या. व्यवहार झाला की वाहन कार्यालयाला मालक बदलल्याचं कळवल्याची पोच मागून घ्या. ती नसेल तर नव्या मालकाचे दंड तुमच्याच नावावर येत राहतात. विमा त्यानंतरच बंद करा, आणि प्रश्न १३ मधलं दावा न केल्याचं पत्र त्याच वेळी मागून घ्या.